तोंडाला रंग

मार्गशीर्ष लागला की आपल्या शाळेला माझी आठवण होते. निवृत्त होऊन आता पुष्कळ वर्षे झाली. तरी स्नेहसंमेलनासाठी मुलांकडून एखादे नाटुकले बसवून घेण्याचे काम अजून माझ्याकडेच येते आणि मीही ते आनंदाने पत्करतो. यंदा मात्र त्या नाटुकल्याने मला एक धडा शिकवला. साठ वर्षांपूर्वीच शिकायला हवा होता असा तो धडा होता. त्याचीच ही हकीकत वार्षिकाच्या वाचकांना सांगावी, म्हणून लिहावयास बसलो आहे.

गोष्ट अशी झाली. जुन्या चित्रपटांविषयी वाचण्याचा मला छंद आहे. बोलपट नुकताच जन्मास आला होता त्या काळात अमेरिकेत मुख्य चित्रपटाच्या आधी दोन रिळांचे छोटे विनोदी बोलपट दाखवीत. पंधरा-वीस मिनिटांत आटोपणारा तो हलकाफुलका प्रकार. त्यांतलाच एक १९३१ सालचा «थ्री हॉलिवुड गर्ल्स». नट्या होण्याचे स्वप्न घेऊन आलेल्या तीन मुलींचा हा विनोदी बोलपट ज्या संस्थेने काढला तिचे नाव होते ‘एज्युकेशनल पिक्चर्स’! शाळांना शिक्षणोपयोगी चित्रपट पुरवावेत म्हणून ही संस्था निघाली आणि पोट भरेना तेव्हा विनोदाकडे वळली. नाव मात्र तेच राहिले. एका शाळामास्तराला हे वाचून किती हसू आले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

हा विषय मला स्नेहसंमेलनासाठी अगदी योग्य वाटला. मी आमच्या मातीतले एक प्रहसन लिहून काढले. तीन मैत्रिणी घरी चिठ्ठी ठेवून मुंबईस येतात आणि एका चाळीत खोली घेतात. एक दिवसभर आरशापुढे बसून निरनिराळ्या तऱ्हांनी रडून पाहते. दुसरी दूधवाल्याशीही नाटकी स्वरात बोलते. तिसरी जिना उतरतानासुद्धा कोणी छायाचित्र घेत असल्यासारखी मान कलती ठेवते आणि धडपडते. शेवटी एक दिग्दर्शक खोलीवर येतो, तिघींकडे ढुंकूनही न पाहता पोळ्या लाटणाऱ्या मावशींनाच भूमिका देऊ करतो आणि मावशी त्याला लाटणे दाखवून हाकलून देतात. मग तिन्ही मुली ट्रंका उचलून, कान पकडून गावाकडे परततात. पडदा.

वाचनाच्या दिवशी मुले पोट धरधरून हसली. आरशापुढे रडणाऱ्या मुलीची भूमिका मी नववीतल्या एका मुलीला दिली. एरवी वर्गात मान वर करून न बोलणारी ही मुलगी कागद हाती येताच निराळीच होऊन गेली. सात प्रकारचे रडणे तिने सात तऱ्हांनी करून दाखवले. आणि सातवे रडणे असे काही केले की हसणारी मुले क्षणभर गप्प झाली. मास्तरकीच्या जन्मात असा क्षण चार-दोन वेळाच येतो.

तीन दिवसांनी ती तालमीला यायची थांबली. चौथ्या दिवशी तिची आजी शाळेत आली. स्वच्छ सुती लुगडे, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात घडी केलेले कागद. मी बसावयास खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

“सर,” त्या म्हणाल्या, “नातीला नाटकात घेऊ नका. आमच्या घरातल्या मुलीने चारचौघांत तोंडाला रंग लावून उभे राहिलेले आम्हांला चालत नाही.”

मी हसून म्हणालो, “आजी, काळ बदलला. आता मुली विमाने चालवतात. शाळेच्या नाटकाला कसली हरकत?”

त्यांनी हातातले कागद माझ्या मेजावर ठेवले. माझेच प्रहसन होते ते. “हे मी दोनदा वाचले,” त्या म्हणाल्या. “नटी व्हायला निघालेल्या मुली वेड्या असतात आणि शेवटी त्यांची फजिती होते, असेच तुम्ही यात लिहिले आहे ना? मग मी निराळे काय म्हणते? तुम्ही लोकांना हसवून जे सांगता, तेच मी सरळ सांगते.”

मी निरुत्तर झालो. त्या गेल्या, आणि कागद माझ्या मेजावर तसेच पडून राहिले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या बाईंचा युक्तिवाद बिनतोड होता. काळ बदलल्याची ग्वाही मी तोंडाने देत होतो आणि लेखणीने मात्र शंभर वर्षांपूर्वीचीच भीती, तिला विनोदाची झालर लावून, मुलांपुढे ठेवीत होतो.

ती भीती जुनी आहे आणि निष्कारण जन्मलेली नाही, हेही मला ठाऊक होते. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढावयास घेतला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना बाईमाणूस मिळेना. जाहिराती दिल्या, दारोदार हिंडले. पण ज्या स्त्रियांना समाजाने आधीच वेशीबाहेर ठेवले होते, त्यांनीसुद्धा कॅमेऱ्यासमोर उभे राहण्यास नकार दिला. अखेरीस मुंबईतल्या एका खाणावळीत काम करणारा अण्णा साळुंके नावाचा तरुण त्यांना गवसला. नाजूक बोटांचा हा पोऱ्या भारताच्या पहिल्या पूर्ण लांबीच्या कथाचित्रपटाची नायिका झाला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांनी जी तारामती डोळे भरून पाहिली, ती अशी पुरुषाची तारामती होती. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या दोघी पडद्यावर आल्या. आई पार्वती झाली आणि मुलगी मोहिनी. पुढे कमलाबाई गोखले म्हणून कीर्ती मिळवणारी ती मुलगी तेव्हा आपल्या आठवी-नववीतल्या मुलींएवढीच होती. पण त्या दोघी अपवाद होत्या. रंगभूमीवर तर बालगंधर्वांसारख्या थोर नटाने स्त्रीभूमिकेला अशी शोभा आणली होती की स्त्रीचे काम स्त्रीने करावे, हा विचारच पुष्कळांना सुचत नसे.

तारामती हे नाव मनात आले आणि माझे मन एकदम साठ वर्षे मागे, डहीला जाऊन पोचले.

डही हे धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्येचे गाव. कुक्षीहून पुढे गेले की लागते. दक्षिणेस नर्मदा, भोवती भिल्ल-भिलाल्यांचे फळिये, मक्याची आणि कपाशीची शेते, मधूनमधून ताडाची उंच झाडे. होळीच्या आधी भगोरियाचा हाट भरला की ढोल आणि बासऱ्यांनी सारा मुलूख दुमदुमे. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, तेथल्या शाळेत मास्तर होते. गावातले लोक त्यांना ‘मास्साब’ म्हणत. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. त्यामुळे त्या भागात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली. डहीसारख्या आडगावी मात्र आम्ही नोकरीनिमित्त आलेली चार-पाच घरेच काय ती होतो. बाहेर हिंदी आणि निमाडी, घरात मराठी. त्या चार-पाच घरांनी मिळून गणपती बसवायचा आणि दहा दिवसांत एक तरी नाटक करायचे, असा अण्णांचा हट्ट असे. मुलांचे मराठी टिकावे, हा त्यातला हेतू.

१९६२ च्या गणपतीत अण्णांनी हरिश्चंद्राचे आख्यान नाटकरूपाने लिहिले. संवाद मराठीत, पण शेजारपाजारचे लोकही येणार, म्हणून प्रत्येक प्रवेशाआधी सूत्रधाराने निमाडीत कथा सांगायची, अशी त्यांनी योजना केली होती. अण्णांचे अक्षर कोणालाच लागत नसे. म्हणून सारे नाटक माझ्या ताईने स्वच्छ अक्षरात उतरवून काढले. ताई तेव्हा पंधरा वर्षांची होती, मी दहा वर्षांचा. लिहिता लिहिता तिला सबंध तारामती पाठ झाली. चुलीपुढे बसून भाकरी थापताना ती तारामतीची वाक्ये पुटपुटत असे. एके दिवशी आईने तवा उतरवून ती नुसती ऐकत बसलेली मी पाहिली आहे.

तिसऱ्या दिवशी ताईने अण्णांना विचारले, “तारामती मी करू का?”

अण्णांनी चष्मा काढून पुसला. ते काहीच बोलले नाहीत. बोलली ती आई. “उद्या तुझी सोयरीक जमवायची आहे. मुलीने तोंडाला रंग लावला होता, हे कोणाच्या कानी गेले तर काय सांगायचे?” तिचा आवाज कठोर नव्हता, उलट, बोलताना ती ताईकडे पाहू शकत नव्हती. अण्णांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे बोट केले. अशा रीतीने मी तारामती झालो.

मला ती भूमिका ताईनेच शिकवली. पदर कसा धरायचा, मान किती झुकवायची, विश्वामित्राकडे पाहताना डोळे केव्हा उचलायचे, सारे तिने सांगितले. स्मशानाच्या प्रवेशात रोहिदासाचे कलेवर मांडीवर घेऊन मी मोठमोठ्याने हुंदके देऊ लागलो, तेव्हा ती म्हणाली, “अरे, तू रडू नकोस. रडायचे लोकांनी. तू नुसते त्याच्या कपाळावरचे केस मागे सार.” पुढे आयुष्यात मी अनेक नामवंतांची नाटके पाहिली, अभिनयाविषयी याहून शहाणपणाचे वाक्य मी ऐकलेले नाही.

प्रयोगाच्या रात्री पाऊस पडत होता. शाळेच्या ओसरीवर दोन चादरींचा पडदा बांधला होता आणि कडेला एक गॅसबत्ती सूं सूं करीत होती. मराठी घरे होतीच, पण निम्मे गाव लोटले होते. ताईने माझ्या तोंडाला सफेता लावला, गालांवर कुंकवाची लाली दिली, डोळ्यांत काजळ घातले आणि स्वतःचे हिरवे लुगडे मला नेसवले. स्मशानाचा प्रवेश आला. मी केस मागे सारले. समोर बायकांचे पदर डोळ्यांना गेलेले दिसले, आणि त्या दृश्याने भारावून मी पुढचे वाक्यच विसरलो.

एक क्षण गेला, दोन गेले. तोच पाठीमागच्या चादरीआडून तारामतीचा आवाज आला. ती कुजबूज नव्हती. खणखणीत, भरलेल्या गळ्याचा, साऱ्या ओसरीला ऐकू जाईल असा आवाज. गॅसबत्तीचा उजेड माझ्या एका बाजूस होता आणि मान खाली होती. मी नुसते ओठ हलवीत राहिलो. चार वाक्ये ताई बोलली. पाचव्या वाक्याला माझी स्मृती परत आली. प्रेक्षकांतल्या एकालाही काही कळले नाही. नाटक संपल्यावर गावातल्या डॉक्टरांनी मला एक पितळी फुलपात्र बक्षीस दिले आणि “स्मशानात तर पोराने कमाल केली” असे सर्वांदेखत म्हटले. मी फुलपात्र घेतले. चार वाक्ये माझी नव्हेत, हे मी सांगितले नाही.

घरी आल्यावर ताईने खोबरेल तेलाने माझे तोंड पुसले. पुसून झाल्यावर ती फडके घेऊन मागल्या खोलीत गेली. मी दाराशी होतो. कंदिलाजवळच्या लहानशा आरशापुढे उभी राहून तिने त्या फडक्यावरचा रंग बोटाने आपल्या एका गालाला लावला, क्षणभर पाहिले आणि लगेच पदराने पुसून टाकला. तिने मला पाहिले नाही. किंवा पाहिलेही असेल. त्या विषयी आम्ही कधी बोललो नाही.

या वर्षी आजींनी ठेवून गेलेल्या कागदांसमोर बसलो असता हे सारे मला आठवले आणि एक विचित्र योगायोग जाणवला. चित्रपटसृष्टीतही नेमके हेच घडले होते, फक्त उलट क्रमाने. मूकपटात साळुंक्यांना तारामती होता आले, कारण पडद्यावर आवाज नव्हता. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात अर्देशिर इराणी यांचा ‘आलम आरा’ लागला आणि चित्रे बोलू लागली. तेव्हा आजच्यासारखे ध्वनिमुद्रण मागाहून करण्याची सोय नव्हती. अभिनय चालू असतानाच, कोठेतरी दडवलेल्या ध्वनिग्राहकापुढे, नटांनी स्वतः बोलायचे आणि स्वतःच गायचे. स्टुडिओजवळून आगगाड्या जात, म्हणून इराणींना पुष्कळसे चित्रण रात्री करावे लागले. एकाने दिसायचे आणि दुसऱ्याने गायचे, ही पार्श्वगायनाची युक्ती आपल्याकडे १९३५ च्या सुमारास आली. आधीच्या त्या चार वर्षांत पडद्याला चेहरा आणि कंठ एकाच व्यक्तीचे हवे होते. आणि स्त्रीच्या कंठासाठी स्त्री हवी होती.

म्हणून मराठी बोलपटाला दुसरी तारामती शोधावी लागली. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला बोलपट १९३२ च्या फेब्रुवारीत प्रकाशित झाला. तो मराठीत आणि हिंदीतही निघाला होता. अण्णांच्या निमाडी सूत्रधाराची युक्ती किती थोरांनी आधीच योजलेली होती! त्यात हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे आणि तारामती झाल्या दुर्गा खोटे.

दुर्गाबाई या मुंबईच्या लाड घराण्यातल्या. वडील नामांकित सॉलिसिटर, स्वतः महाविद्यालयात शिकलेल्या, सुखवस्तू सासरी दिलेल्या. पुढे सासरची आर्थिक स्थिती खालावली आणि दोन लहान मुलांच्या या आईला काही करणे भाग पडले. १९३१ साली ‘फरेबी जाल’ नावाच्या चित्रपटात त्यांनी लहानसे काम केले. त्या कामाने त्यांच्या पदरी कौतुकाऐवजी निंदाच पडली. अशा प्रसंगी कोणीही पुन्हा त्या वाटेस गेले नसते. पण शांतारामांनी ते लहानसे काम पाहून त्यांना तारामतीसाठी बोलावले आणि दुर्गाबाई कोल्हापूरला गेल्या. साळुंक्यांची तारामती आणि दुर्गाबाईंची तारामती यांत अवघे एकोणीस वर्षांचे अंतर आहे. पण ते अंतर किती मोठे होते, हे ज्यांना ओलांडावे लागले त्यांनाच ठाऊक. पुढे पन्नास वर्षांहून अधिक काळ त्या काम करीत राहिल्या. १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना लाभला. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी एक स्त्री मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा पुरस्कार एका तारामतीला मिळावा, यात मला काळाचा न्याय दिसतो.

दुसरे उदाहरण आमच्या माळव्यातले. १९१५ साली उज्जयिनीत जन्मलेल्या सुशीला पवार यांचे वडील ग्वाल्हेर संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते. मुलगी बी.ए. झाली आणि पुण्यास शिक्षिकेचे काम करू लागली. तेथून ती चित्रपटात गेली आणि ‘वनमाला’ या नावाने प्रसिद्ध झाली. १९४० चा ‘लपंडाव’ आणि १९४१ चा सोहराब मोदींचा ‘सिकंदर’ यांनी तिचे नाव देशभर झाले. पण माहेरचा रोष मात्र तिने ओढवून घेतला. मुलीने तोंडाला रंग लावला, हाच तिचा अपराध. आणि पुढे काय झाले? १९५३ साली आचार्य अत्रे यांनी साने गुरुजींच्या पुस्तकावरून ‘श्यामची आई’ काढला, त्यात आई झाल्या त्या वनमालाबाईच. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, १९५४ साली, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्या चित्रपटाला मिळाले. ज्या घरांतून मुलींना नाटक-सिनेमाचे नाव काढू देत नसत, त्याच घरांतल्या आया मुलांना हाताशी धरून ‘श्यामची आई’ पाहावयास घेऊन गेल्या. रंग लावलेल्या तोंडाला त्यांनी आई म्हटले.

आमची आईही त्यांतलीच एक. अण्णांची डहीला बदली होण्यापूर्वी तिने तो चित्रपट इंदूरला पाहिला होता, आणि त्याविषयी सांगताना तिचा कंठ दाटून येई. वनमाला नावाची कोणी बाई त्या आईच्या आत आहे, हे तिला सुचले नसेल. सुचले असते तर चादरीआडची तारामती तिने पुढे येऊ दिली असती का, याचे उत्तर आता कोण देणार?

विनोदाचे वावडे मला मुळीच नाही. गडकऱ्यांच्या मराठीत वाढलेला माणूस मी. त्यांच्या ‘ठकीच्या लग्ना’वरून विश्राम बेडेकरांनी १९३५ साली छोटा विनोदी बोलपट काढला होता, तेव्हा असले हसणे आपल्याकडेही काही नवे नाही. पण ठकीच्या हकीकतीत हसू येते ते लग्नाच्या बाजारावर आणि त्यात बुद्धी गहाण टाकणाऱ्या मोठ्या माणसांवर. माझ्या प्रहसनात मी बाजार सोडला होता आणि मुलींनाच धरले होते. त्या अमेरिकन बोलपटाच्या दिग्दर्शकाचीही आठवण झाली. रॉस्को आर्बकल हा एके काळचा जगप्रसिद्ध विनोदी नट. त्याच्यावर एक खटला झाला. १९२२ साली तो निर्दोष सुटला, ज्यूरीने त्याची क्षमासुद्धा मागितली. तरी लोकापवादापुढे त्याचे काही चालले नाही. तोंड दाखवण्याची चोरी झाली, म्हणून तो विल्यम गुडरिच हे टोपणनाव घेऊन पडद्यामागून चित्रपट काढीत राहिला. तोंड दाखवू पाहणाऱ्या तीन मुलींची गंमत ज्याने रचली, त्याला स्वतःचे नाव लपवावे लागत होते. लोक काय म्हणतील, या तीन शब्दांचे राज्य साता समुद्रांपलीकडेही तेवढेच पक्के आहे.

पहाटे उठून मी प्रहसनाचा शेवट बदलला. मुली तशाच आरशापुढे रडतात, तशाच धडपडतात; मुलांना हसायला पुष्कळ मिळते. पण दिग्दर्शक येतो तेव्हा त्याच्या मागोमाग तिघींचे पालक आणि गावचे चार प्रतिष्ठितही खोलीत घुसतात. “मुलींनी नाटक करणे शोभत नाही” असे सांगताना ते प्रतिष्ठित इतके हातवारे करतात, असे आवाज चढवतात आणि असे डोळे पुसतात, की दिग्दर्शक मुलींना सोडून त्यांनाच करारपत्र देऊ लागतो. त्या गोंधळात मावशी लाटणे आपटून सर्वांना गप्प करतात आणि म्हणतात, “आता पोरींना बोलू द्या.” मग आरशापुढची मुलगी आपले सातवे रडणे करून दाखवते. कोणी हसत नाही. पडदा.

नवे कागद मी स्वतः त्या आजींच्या घरी नेऊन दिले. त्यांनी चहा दिला, हो म्हणाल्या नाहीत. आठ दिवस काही निरोप आला नाही. दुसऱ्या एका मुलीकडून मी ती वाक्ये पाठ करवून घेऊ लागलो.

त्याच आठवड्यात मी ताईला दूरध्वनी केला. ती देवासला असते. अठराव्या वर्षी लग्न होऊन गेली, तेव्हापासून तेथेच आहे. नातवंडांना गोष्टी सांगताना तिच्या घरी शेजारची मुलेही येऊन बसतात, असे मी ऐकले आहे. तिला सारी हकीकत सांगितली आणि साठ वर्षे घशात अडकलेली गोष्टही एकदाची बोललो. “ताई, ती चार वाक्ये तुझी होती. मी कोणाला सांगितले नाही.”

ती मोठ्याने हसली. “अरे, मला माहीत होते की तू सांगणार नाहीस. दहा वर्षांचा तर होतास.” मग जरा थांबून म्हणाली, “वाक्यांचे मला काही वाटले नाही रे. मी आडून बोलले तेव्हा समोर सगळे रडत होते, ते चादरीच्या फटीतून मला दिसले. तेवढे मला पुरले. पण ते फुलपात्र मात्र तू एकदा तरी माझ्याकडे पाठवायला हवे होतेस.”

दुसऱ्या दिवशी मी फुलपात्र चिंचेने घासून लखलखीत केले, कापडात गुंडाळले आणि देवासला पाठवून दिले.

स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी ती नववीतली मुलगी तालमीला आली. काही न बोलता आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. तिला सारे पाठ होते, नवा शेवटसुद्धा. जिने आठ दिवस तिची जागा सांभाळली होती तिने समजूतदारपणे मावशींची भूमिका मागून घेतली आणि मावशी झालेल्या मुलीने हसत पडदा ओढण्याचे काम पत्करले. या दोघींचे नाव कार्यक्रमपत्रिकेत आले नाही. म्हणून येथे त्यांचे आभार मानतो.

प्रयोगाच्या संध्याकाळी रंगभूषेची पेटी घेऊन मी मुलींच्या खोलीच्या दाराशी गेलो, तो आजी आधीच तेथे आलेल्या. जवळ घरच्या काजळाची डबी. त्यांनी माझ्या हातातली पेटी घेतली, आतल्या डब्या एकेक उघडून पाहिल्या आणि म्हणाल्या, “सर, तुम्ही बाहेर बसा. हिला रंग मी लावते.”

मी बाहेर येऊन बसलो. सातव्या रडण्याच्या वेळी सभागृहात काय झाले, ते जे हजर होते त्यांना ठाऊक आहेच.